नागपुरात नवे बिऱ्हाड आणि ‘पहिला महिना मोफत’ इंटरनेट

मिहान किंवा हिंगणा एमआयडीसीत नोकरी लागून सांगली-साताऱ्याकडून येणारी आपली बरीच मंडळी बेसा, मनीषनगर या भागांत भाड्याने राहतात, आणि सामान उतरते न उतरते तोच ‘पहिला महिना मोफत’ असे सांगणारा इंटरनेट कंपनीचा प्रतिनिधी दारात येतो. नागपूरचा माणूस अगत्याने बोलतो आणि ते अगत्य खरेही असते. तरीही अटी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागवाव्यात. आपली माणसे भाजीच्या भावावर वाद घालतील, पण पावती मागताना संकोचतात, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

राउटरची अनामत, जोडणीचा खर्च आणि 18 टक्के जीएसटी यांची चौकशी आधीच करावी. अनेकदा मोफत महिना वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यावरच मिळतो. भाडेकरार मात्र बहुधा 11 महिन्यांचा असतो, तेव्हा भाडेकरूने हा व्यवहार करूच नये.

सर्वांत जपावे ते ऑटोपेला, म्हणजे खात्यातून दर वेळी आपोआप पैसे कापण्याच्या मंजुरीला. ‘फक्त नोंदणीसाठी एक रुपया’ म्हणून यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर मंजुरी किती रकमेची आणि कधीपर्यंतची आहे, हे पडद्यावर वाचल्याशिवाय पिन टाकू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, पण 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि ती सूचना इतर संदेशांत हरवते. आमच्या इमारतीतील एका तरुणाने घर बदलताना राउटर तंत्रज्ञाच्या हाती पावतीविना दिला आणि जोडणी बंद झाली असे गृहीत धरले. पुढे कित्येक महिने पैसे कापले गेले आणि अनामतही बुडाली. म्हणून मोफत महिन्याची किंवा भरलेल्या वर्गणीची मुदत संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी जोडणी बंद करण्याची लेखी विनंती करावी, तिचा क्रमांक घ्यावा, यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपे स्वतः रद्द करावा आणि राउटर परत केल्याची पावती घ्यावी; यांतील एक गोष्ट केल्याने दुसरी आपोआप होत नाही.

वेग रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, लॅपटॉपला केबल लावून तपासावा.

कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे, किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे ही केंद्राच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुचित प्रथा ठरते, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे.