दृष्टिपटल चमकेना, तेव्हा दोष टोकांचा निघाला

कोंबडीच्या अंड्यातील गर्भ ३८ अंशांवर सुमारे दीड दिवस वाढवून, त्याच्या नेत्रपुटिकेत (ज्या पोकळ फुगवट्यापासून पुढे डोळा बनतो त्यात) हिरव्या चकाकीच्या प्रथिनाचे जनुक सोडायचे आणि विजेच्या झटक्यांनी ते भावी दृष्टिपटलाच्या पेशींत शिरवायचे, हे पणजीतील आमचे काम तीन आठवडे फसत होते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून मी उबवणी यंत्रालाच दोष देत राहिलो. शेवटी भिंगाखाली, झटके देणाऱ्या तारांच्या प्लॅटिनमच्या टोकांवर वाळलेल्या पांढऱ्या बलकाचा पापुद्रा दिसला; तोच वीज अडवत होता. आता प्रत्येक अंड्यानंतर ओल्या कुंचल्याने टोके पुसतो, गर्भावर क्षारद्रावणाचे थेंब सोडतो आणि डीएनए ऋणभारित असल्याने हव्या त्या बाजूला धन टोक ठेवून १५ व्होल्टचे ५ झटके देतो. दुसऱ्या दिवशी त्या बाजूचा एकच डोळा हिरवा दिसला.