उतारावर छोटा ट्रॅक्टर चालवताना घ्यायची काळजी

छोट्या ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर कमी असल्याने तो आडव्या उतारावर लवकर कलंडतो. म्हणून शक्य असेल तिथे ते अंतर वाढवून घ्यावे. दोन्ही ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडावेत, कारण एकाच बाजूचा ब्रेक लागला की ट्रॅक्टर झटक्यात वळतो. रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी लोखंडी चौकट) उभा करून सीट बेल्ट बांधावा; रोल बार नसेल तर बेल्ट बांधू नये आणि खरे तर अशा ट्रॅक्टरने उतारावर कामच करू नये.

उताराचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. 1 मीटर लांबीच्या सरळ पट्टीचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवून ती पाणसळीने समपातळीत धरावी. दुसऱ्या टोकाखाली सुमारे 27 सेंटिमीटर अंतर भरले तर तो उतार 15 अंशांचा आहे. हा आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा आणि गवत ओले किंवा माती भुसभुशीत असेल तर त्या मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबावे.

शक्यतो वर-खाली चालवावे, आडवे नाही. आडवे जावेच लागले तर वरच्या बाजूचे चाक दगडावर चढणार नाही आणि खालच्या बाजूचे खड्ड्यात जाणार नाही, हे आधी पायी फिरून पाहावे, अवजार जमिनीलगत ठेवावे आणि वळण्याआधीच वेग कमी करावा. चढावर क्लच झटकन सोडल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो, आणि तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही. ट्रॉली किंवा ओढायचे ओझे नेहमी ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागची, खालच्या बाजूची ओढण्याची पट्टी) जोडावे, त्यापेक्षा उंच जागी कधीही नाही.

सर्वांत जास्त जपायचे ते उतरताना. चढताना जो गिअर लागेल त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायला सुरुवात करावी आणि मध्येच गिअर बदलू नये. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केले की इंजिनाचा रोध संपतो आणि ट्रॅक्टर मोकाट सुटतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात, तर उतरताना भार पुढच्या चाकांवर जातो. त्यामुळे मागची चाके जाम होऊन घसरतात. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर तो उतरण्यापूर्वीच लावावा, म्हणजे पुढची चाकेही रोध देतात.

ट्रॅक्टर बाजूला कलंडू लागल्यास चाके उताराच्या खालच्या दिशेने वळवावीत. बेल्ट बांधलेला असेल तर उडी मारू नये, स्टीअरिंग घट्ट धरून बसावे.

थांबताना अवजार खाली टेकवावे, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करून गिअर टाकावा आणि चाकांना खालच्या बाजूने उटी (दगड किंवा लाकडी ठोकळ्याची अडण) लावल्यावरच दुसऱ्या माणसाला जवळ येऊ द्यावे.