बिल्ड झालं, पण खिडकी काळीच: ग्राफिक्स ड्रायव्हर आणि लायब्ररी जुळत नसताना या चुका टाळा

ब्लेंडर, पॅराव्ह्यू किंवा फ्रीकॅड यांसारखं त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर लिनक्सवर सोर्सकोडमधून बांधायला (बिल्ड करायला) घेतलं की ग्राफिक्सच्या अडचणी दोन ठिकाणी उभ्या राहतात. काही वेळा बिल्डच मध्ये थांबतं आणि लिंकर (तयार कोड लायब्ररींशी जोडणारं साधन) सांगतो की लिबजीएल, म्हणजे ओपनजीएल या ग्राफिक्स-व्यवस्थेची लायब्ररी, सापडत नाही. ही अडचण सोपी, कारण ती स्वतःचं कारण सांगून टाकते. हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइली) आणि लिंकिंगसाठीचं डेव्ह पॅकेज बसवलेलं नसतं. डेबियन-उबुंटूवर ते लिबजीएल-डेव्ह, फेडोरावर लिबजीएलव्हीएनडी-डेव्हल. ते बसवलं की काम पुढे सरकतं. खरा त्रास दुसऱ्या प्रकारात आहे. बिल्ड एकही एरर न देता पूर्ण होतं आणि प्रोग्राम सुरू केला की काळी खिडकी दिसते, सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोग्राम कोसळणे) येतो, किंवा मॉडेल जरा फिरवलं तरी चित्र अडखळत सरकतं.

याचं मूळ असं की कम्पाइल करताना ड्रायव्हरचा संबंधच येत नाही. कम्पायलरला हेडर लागतात, लिंकरला लिबजीएल.एसओ लागते, आणि आजच्या लिनक्सवर ही लिबजीएल बहुधा नुसती वाटप करणारी लायब्ररी असते. आलेला कॉल योग्य ड्रायव्हरकडे पाठवायचा, एवढंच तिचं काम. खरा ड्रायव्हर मेमरीत येतो तो प्रोग्राम चालू झाल्यावर. त्यामुळे या सगळ्या विषयात मला एकच प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो: बांधताना कोणती फाइल घेतली गेली आणि चालताना कोणती उघडली गेली? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारताच दुरुस्तीला हात घातल्यामुळे होतात.

पहिली चूक: आधी ड्रायव्हर पुन्हा बसवणे

काळी खिडकी दिसली की पहिला हात ड्रायव्हरकडे जातो. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून डॉट-रन इन्स्टॉलर उतरवायचा आणि डिस्ट्रोच्या (आपल्या लिनक्स वितरणाच्या) पॅकेजवरच चढवायचा. हे कृपया करू नका. एनव्हिडियाचा जुना इन्स्टॉलर मेसाची (लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचाची) लिबजीएल बाजूला करून तिथे स्वतःची ठेवत असे. जीएलव्हीएनडी ही तटस्थ वाटप-व्यवस्था आल्यापासून दोन्ही ड्रायव्हर एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने राहू शकतात. एनव्हिडियाची लायब्ररी लिबजीएलएक्स_एनव्हिडिया या नावाने असते, मेसाची लिबजीएलएक्स_मेसा या नावाने, आणि वरची लिबजीएल दोघांना सामायिक. पण पॅकेज मॅनेजरला ठाऊक नसलेल्या फाइली एकदा डिस्कवर आल्या की पुढच्या अपडेटला कोणती आवृत्ती कुठे उरली याचा हिशेब कोणालाच लागत नाही. मग आधी होती त्यापेक्षा मोठी अडचण तयार होते. डिस्ट्रोच्या पॅकेजमधून ड्रायव्हर घेतला असेल तर त्याच वाटेवर राहा.

एनव्हिडियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. कर्नेलमधलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये चालणारा भाग) आणि युजरस्पेसमधल्या, म्हणजे प्रोग्रामच्या बाजूच्या, लायब्ररी यांची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते. अपडेट झालं की डिस्कवरच्या लायब्ररी बदलतात, पण मेमरीत बसलेलं मॉड्यूल जुनंच राहतं. तेव्हा एनव्हिडिया-एसएमआय हे कार्डाची स्थिती दाखवणारं साधन 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' असं सांगून थांबतं. मेमरीतल्या मॉड्यूलची आवृत्ती /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन या फाइलीत दिसते. बहुतेक वेळा मशीन रीबूट करणं एवढाच उपाय असतो. रीबूट करूनही मॉड्यूल चढत नसेल तर दोन गोष्टी तपासा: चालू कर्नेलचे हेडर बसवलेले आहेत का, कारण त्यांच्याविना डीकेएमएसला (प्रत्येक कर्नेलसाठी मॉड्यूल बांधणाऱ्या व्यवस्थेला) मॉड्यूल बांधता येत नाही; आणि सिक्युअर बूट चालू असताना मॉड्यूलवर सही झालेली आहे का. सही नसलेलं मॉड्यूल कर्नेल परत पाठवतो आणि त्याची नोंद डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या संदेशांत) मिळते.

दुसरी चूक: रेंडररचं नाव न पाहता वेगाची तक्रार करणे

जीएलएक्सइन्फो हे ओपनजीएलची माहिती छापणारं छोटं साधन सर्वात आधी चालवा. कॅपिटल बी हा पर्याय दिला की मोजक्या ओळी येतात. त्यांत 'रेंडरर', म्हणजे चित्र काढणारा कोण, अशी ओळ असते. तिथे तुमच्या ग्राफिक्स कार्डचं नाव असायला हवं. 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे, कार्ड स्वस्थ बसलंय. एलएलव्हीएमपाइप हा मेसाचा सॉफ्टवेअर रेंडरर. खरा ड्रायव्हर उघडता आला नाही की मेसा गुपचूप त्याच्यावर येतं. प्रोग्राम चालतो, म्हणून लोकांना वाटतं की बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन राहून गेलं, आणि ते कम्पायलरचे फ्लॅग बदलत बसतात.

असं होण्याचं एक साधं कारण परवानगीचं असतं. /डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८ ही डिव्हाइस फाइल उघडण्याची मुभा तुमच्या युजरला नसते. बऱ्याच डिस्ट्रोंत त्यासाठी 'रेंडर' किंवा 'व्हिडिओ' या ग्रुपमध्ये नाव लागतं, आणि ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. कंटेनरमध्ये (सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) बिल्ड करत असाल तर वेगळंच कारण निघतं. एनव्हिडियाच्या कंटेनर टूलकिटमध्ये ड्रायव्हरच्या क्षमता 'युटिलिटी' आणि 'कम्प्यूट' एवढ्याच मूळ अवस्थेत आत येतात. एनव्हिडिया_ड्रायव्हर_केपेबिलिटीज या व्हेरिएबलमध्ये 'ग्राफिक्स' स्वतःहून मागितल्याशिवाय ओपनजीएलच्या लायब्ररी आत येतच नाहीत. कुडा (कार्डावर गणना करण्याची एनव्हिडियाची व्यवस्था) चालतं आणि खिडकी मात्र उघडत नाही, असं विचित्र चित्र दिसलं की आधी इथे पाहा.

तिसरी चूक: एररची पहिली ओळ वाचून थांबणे

या विषयात सर्वात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर. कोंडा या पॅकेज मॅनेजरच्या वातावरणात पायथनमधून व्हीटीके (त्रिमितीय चित्रणाची लायब्ररी) किंवा तसलंच काही चालवलं की अशी एरर येते: मेसाच्या लोडरला 'आयरिस' उघडता आला नाही, आयरिस_डीआरआय.एसओ सापडली नाही. आयरिस हा नव्या इंटेल चिपचा ड्रायव्हर. वाचणारा लगेच मेसा पुन्हा बसवतो, फाइलीला सिमलिंक (दुसऱ्या जागेवरून दुवा) करतो. फाइल मुळात जागेवर असतेच! जवळच कुठेतरी, किंवा लिबजीएल_डीबग या व्हेरिएबलला 'व्हर्बोज' ही किंमत दिल्यावर, खरी ओळ दिसते: जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३० ही आवृत्ती सापडली नाही.

आता यामागची साखळी पाहा. मेसाचा काही भाग सी++ मध्ये लिहिलेला आहे. डिस्ट्रोने तो जीसीसी १२ किंवा त्यापुढच्या कम्पायलरने बांधला असेल, तर त्याला तितकीच नवी लिबएसटीडीसी++ (सी++ ची मूळ लायब्ररी) लागते; जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३० ही तिच्यातली आवृत्तीची खूण जीसीसी १२ सोबत आली. कोंडाच्या वातावरणात मात्र स्वतःची लिबएसटीडीसी++ असते आणि ती जुनी असू शकते. पायथन सुरू होताना ती आधी मेमरीत येते. त्याच नावाची दुसरी प्रत मग सहसा उघडली जात नाही. थोड्या वेळाने मेसा ड्रायव्हर उघडायला जातं, ड्रायव्हर नवी खूण मागतो, मेमरीतली जुनी लायब्ररी ती देऊ शकत नाही, आणि ड्रायव्हर नाकारला जातो. त्याच कारणाने पुष्कळदा सॉफ्टवेअर रेंडररही उघडत नाही. तुमच्या कोडचा इथे काहीच दोष नाही.

उपाय दोन. वातावरणातलं लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी हे पॅकेज कोंडा-फोर्जवरून नवं करा. ही लायब्ररी मागच्या आवृत्त्यांशी सुसंगत असते, त्यामुळे नवी घेतल्याने जुने प्रोग्राम सहसा अडत नाहीत. किंवा, माझ्या मते जास्त बरा मार्ग, सोर्समधून काही बांधताना कोंडाचं वातावरण बंदच ठेवा. ते चालू असलं की सीमेकला (बिल्डची जुळवणी करणाऱ्या साधनाला) त्यातले हेडर, त्यातल्या लायब्ररी आणि कधीकधी त्यातला कम्पायलरही सापडतो. मग अर्धं सॉफ्टवेअर तिथलं आणि अर्धं सिस्टिमचं असं मिश्रण तयार होतं. एलडी_प्रीलोड या व्हेरिएबलने सिस्टिमची लिबएसटीडीसी++ सर्वात आधी उघडायला लावणं हे निदान करण्यापुरतं ठीक आहे. ते चाललं म्हणजे कारण सापडलं. पण तीच ओळ शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत कायमची लिहून ठेवली की दुसरे प्रोग्राम नव्याच तऱ्हेने मोडतात.

इथेच एलडीडी या लायब्ररींची यादी देणाऱ्या साधनाच्या मर्यादेबद्दल सांगायला हवं. एलडीडी फक्त प्रोग्रामला थेट जोडलेल्या आणि त्या लायब्ररींना पुढे लागणाऱ्या लायब्ररी दाखवतं. ड्रायव्हर डीएलओपन या कॉलने नंतर उघडला जातो, म्हणून तो त्या यादीत येत नाही. यादी निर्दोष दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. एलडी_डीबग या व्हेरिएबलला 'लिब्स' ही किंमत देऊन प्रोग्राम चालवला की प्रत्येक लायब्ररीचा शोध कुठून कुठे गेला ते छापलं जातं. प्रोग्राम चालू असेल तर /प्रॉकमध्ये त्याच्या प्रोसेस क्रमांकाखाली 'मॅप्स' नावाची फाइल असते. मेमरीत प्रत्यक्ष कोणत्या फाइली आहेत ते तिथे पूर्ण पाथसकट दिसतं. वाद मिटवणारा पुरावा तोच.

चौथी चूक: जुन्या कॅशवर नवं बिल्ड

सीमेकने एकदा लायब्ररी शोधली की तिचा पत्ता सीमेककॅश.टीएक्सटी मध्ये लिहून ठेवला जातो. नंतर तुम्ही नवं पॅकेज बसवा, जुनं काढा, /यूएसआर/लोकल साफ करा; सीमेक पुन्हा शोधत नाही, लिहिलेलं वाचतो. ड्रायव्हर किंवा लायब्ररीत काहीही बदललं की बिल्डचं फोल्डर पूर्ण काढून नव्याने सुरुवात करा. सीमेक ३.२४ पासून 'फ्रेश' हा पर्यायही आहे. कॉन्फिगर झाल्यावर त्याच कॅशमध्ये ओपनजीएलच्या ओळी शोधून पत्ते वाचा. सिस्टिमच्या लायब्ररी फोल्डरऐवजी /यूएसआर/लोकल, कोंडा किंवा एखाद्या जुन्या एसडीकेचा (डेव्हलपर संचाचा) पाथ दिसला, तर मेक चालवण्याआधीच चूक सापडली.

सीमेक इथे सीएमपी००७२ नावाची सूचनाही देतो आणि ओपनजीएल_जीएल_प्रेफरन्सबद्दल विचारतो. 'जीएलव्हीएनडी' निवडलं की लिबओपनजीएल आणि लिबजीएलएक्स अशा वेगळ्या लायब्ररी जोडल्या जातात, 'लेगसी' निवडलं की जुनी एकत्र लिबजीएल. नव्या मशीनवर पहिला पर्याय घ्या. सूचना नुसती दाबून टाकू नका.

बिल्ड फोल्डरमधून प्रोग्राम नीट चालतो आणि इन्स्टॉल केल्यावर लायब्ररी सापडत नाही, हा प्रकारही सीमेकच्या सवयीमुळे होतो. बिल्डमध्ये असताना तो बायनरीत लायब्ररींचे पत्ते, म्हणजे आरपाथ, लिहितो आणि इन्स्टॉल करताना ते पुसतो. सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ नीट ठरवा, किंवा लायब्ररी /यूएसआर/लोकलमध्ये गेली असेल तर एलडीकॉन्फिग चालवून सिस्टिमची लायब्ररींची यादी ताजी करा.

पाचवी चूक: आवृत्तीचा आकडा खोटा वाढवणे

ब्लेंडर ४.० पासून लिनक्स आणि विंडोजवर ओपनजीएल ४.३ लागतं. आयव्ही ब्रिज पिढीच्या इंटेल चिपवर मेसा ४.२ पर्यंतच देतं. अशा वेळी मेसा_जीएल_व्हर्जन_ओव्हरराइड हे व्हेरिएबल वापरायचा सल्ला मिळतो. या व्हेरिएबलने फक्त मेसा सांगतं तो आकडा बदलतो. कार्डात नसलेली क्षमता त्याने येत नाही. प्रोग्राम सुरू होईल आणि ती क्षमता लागेल त्या क्षणी मोडेल किंवा चुकीचं चित्र काढेल. अशा मशीनसाठी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती बांधणं हाच सरळ मार्ग.

कधीकधी मात्र कार्ड सक्षम असतं आणि मागणी चुकीची असते. जीएलएक्सइन्फोमध्ये कोअर प्रोफाइलची (जुनी फंक्शनं वगळलेल्या ओपनजीएलची) आवृत्ती वेगळ्या ओळीत असते ती यासाठीच. मॅकओएसवर हा फरक ठळक दिसतो. कोअर प्रोफाइल मागितलं नाही तर २.१ मिळतं, मागितलं तर ४.१ पर्यंत, आणि त्यापुढे अ‍ॅपलने ओपनजीएल नेलंच नाही. २०१८ च्या १०.१४ आवृत्तीत ते कालबाह्य ठरवलं गेलं.

कुडा, वेलँड आणि वल्कन

एनव्हिडिया-एसएमआयच्या कोपऱ्यात दिसणारी कुडाची आवृत्ती ही ड्रायव्हर कुठपर्यंत साथ देतो ते सांगते. बसवलेलं टूलकिट कोणतं आहे ते एनव्हीसीसी या कुडाच्या कम्पायलरला विचारावं लागतं. लिनक्सवर कुडा १२ च्या मालिकेला किमान ५२५.६०.१३ ड्रायव्हर लागतो. टूलकिटसोबत 'स्टब्स' फोल्डरात येणारी लिबकुडा फक्त लिंकिंगसाठी असते. ते फोल्डर एलडी_लायब्ररी_पाथमध्ये घातलं तर चालताना पोकळ लायब्ररी उघडते आणि कार्डच सापडत नाही. आणि एनव्हीसीसी 'ही जीसीसी चालणार नाही' म्हणाला तर तपासणी बंद करणारा फ्लॅग देण्याऐवजी जुनी जीसीसी शेजारी बसवून तिचा पत्ता त्याला द्या.

वेलँड या नव्या डिस्प्ले-व्यवस्थेवर ग्ल्यू ही ओपनजीएलची फंक्शनं शोधून देणारी लायब्ररी वापरणारा प्रोग्राम सुरुवातीलाच पडत असेल, तर बहुधा ग्ल्यू जीएलएक्ससाठी (ओपनजीएलला एक्स११ या जुन्या डिस्प्ले-व्यवस्थेशी जोडणाऱ्या दुव्यासाठी) बांधलेली असते आणि खिडकी ईजीएल या दुसऱ्या दुव्याने उघडलेली असते. प्रोग्राम एक्स११ मार्गाने चालवून पाहा. तिथे चालला तर ग्ल्यू ईजीएलसाठी बांधून घ्या. वल्कन या ओपनजीएलनंतरच्या ग्राफिक्स-व्यवस्थेत ड्रायव्हरची नोंद /यूएसआर/शेअर/वल्कन/आयसीडी.डी मधल्या जेसन फाइलींत असते. काढून टाकलेल्या ड्रायव्हरची फाइल तिथे उरली असेल तर लोडर अजूनही तिच्यामागे जातो. वल्कनइन्फोला 'समरी' हा पर्याय दिला की कोणती डिव्हाइस खरोखर मिळाली ते समजतं.

एवढं करूनही गाडी अडली आणि प्रकल्पाकडे बग नोंदवायची वेळ आली, तर आधी एलडी_लायब्ररी_पाथ, एलडी_प्रीलोड आणि मेसाची सगळी व्हेरिएबल काढून टाका आणि स्वच्छ शेलमध्ये तोच दोष पुन्हा दिसतो का ते पाहा. मग जीएलएक्सइन्फोचं उत्तर, सीमेककॅश आणि एलडी_डीबगची नोंद पूर्ण जोडा, कापून नको. उत्तर देणाऱ्याला हवी असलेली ओळ बहुतेकदा तुम्ही अनावश्यक समजून गाळलेल्या भागात असते.