व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कची चौकशी: प्रश्न सुटे करा

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात हिशेब, हजेरी आणि वजनकाटा अशी तीन व्हर्च्युअल मशीन (एका खऱ्या संगणकात चालणारे आभासी संगणक) क्यूईएमयू या सॉफ्टवेअरवर चालताहेत असं धरा. डिस्कवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट दर १० सेकंदांनी क्यूईएमयूला ‘क्वेरी-ब्लॉक’ ही कमांड मारते. गोम इथेच आहे. ही एक कमांड गेस्टला (व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या यंत्रणेला) दिसणारं उपकरण, त्यामागची इमेज (डिस्कचा मजकूर जिथे साठतो ती) आणि ती ज्या इमेजवर आधारलेली आहे त्यांची खालची सगळी साखळी एकाच उत्तरात कोंबते. इमेजची माहिती देताना ती डिस्कवरचा प्रत्यक्ष आकारही फाइलला विचारते. फाइल एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकातल्या साठ्यावर) असेल आणि एनएफएस अडकलं, तर त्याबरोबर मशीनसुद्धा अडकू शकतं.

स्क्रिप्ट नव्यानं बांधताना सुरुवात नावांपासून करा. कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायची. ‘ब्लॉकडेव्ह’ या पर्यायानं जोडलेल्या डिस्कचा उत्तरातला ‘डिव्हाइस’ रकाना रिकामा येतो, म्हणून त्यावर शोध घेऊ नका. उपकरणाला आयडी द्या, समजा ‘काटा-डिस्क’, आणि नोडला (साखळीतल्या एकेका कडीला) वेगळं नोड-नेम द्या, ३१ अक्षरांच्या आत. दिलं नाही तर हॅश (#) चिन्ह आणि त्याला जोडून ‘ब्लॉक’ असं सुरू होणारं नाव आपोआप पडतं. ते पुढच्या वेळी तेच राहील हे गृहीत धरू नका.

आता आयडीवरून नोड शोधायचा. त्यासाठी ‘क्वेरी-ब्लॉकस्टॅट्स’ ही डिस्कच्या वाचन-लेखनाचे आकडे देणारी कमांड पुरेशी आहे: ती ‘क्यूडेव्ह’ (उपकरणाची ओळख) आणि नोड-नेम दोन्ही देते. मात्र व्हर्टिओ-ब्लॉक प्रकारच्या डिस्कचा ‘क्यूडेव्ह’ नुसता आयडी नसतो, तर असा मार्ग असतो: /मशीन/पेरिफेरल/काटा-डिस्क/व्हर्टिओ-बॅकेंड. हुबेहूब जुळणी लावलीत तर डिस्क सापडतच नाही. मार्ग तिरप्या रेघेवर तोडा आणि तुकड्यांत आयडी शोधा. हे दर वेळी नव्यानं करा, कारण स्नॅपशॉट घेतला (डिस्कची त्या क्षणाची स्थिती गोठवून पुढचं लिखाण नव्या इमेजमध्ये वळवलं) की वरचा नोड बदलतो आणि जुनं नोड-नेम साखळीत खाली जातं.

नोडची माहिती हवी असेल तेव्हा ‘क्वेरी-नेम्ड-ब्लॉक-नोड्स’ वापरा, पण ‘फ्लॅट’ ट्रू करून. हा पर्याय क्यूईएमयू ५.० पासून आहे. तो नसेल तर प्रत्येक नोड आपल्याखालची सगळी साखळी पुन्हा छापतो: १० इमेजची साखळी असेल तर १० + ९ + … + १, म्हणजे ५५ वर्णनं. ‘फ्लॅट’मध्ये तीच १० उरतात. आकाराची विचारणा मात्र इथेही होते, म्हणून ही कमांड पाच-दहा मिनिटांनी एकदाच चालवा. १० सेकंदांचं काम ब्लॉकस्टॅट्सवर सोपवा. एलव्हीएमच्या व्हॉल्यूमवर (लिनक्समधला वाढवता येणारा डिस्कचा भाग) क्यूकाऊ२ प्रकारची इमेज ठेवली असेल तर प्रत्येक नोडचे आकडे मागा, म्हणजे ‘क्वेरी-नोड्स’ ट्रू करा, आणि खालच्या नोडचा ‘डब्ल्यूआर_हायेस्ट_ऑफसेट’ पाहा. लिखाण कुठवर पोहोचलं ते त्यातून कळतं, आणि जागा संपायच्या आत व्हॉल्यूम वाढवता येतो.

जागा संपल्यावर कळून उपयोग नाही, तरी त्याची सोय हवीच. त्यासाठी ‘ब्लॉक_आयओ_एरर’ इव्हेंट (क्यूईएमयू आपणहून पाठवतं ती सूचना) ऐका आणि तो आला तरच ‘क्वेरी-ब्लॉक’ चालवून ‘आयओ-स्टेटस’ बघा. ‘नोस्पेस’ म्हणजे जागा, ‘फेल्ड’ म्हणजे दुसरं काही. साखळीचा पूर्ण नकाशा ‘एक्स-डीबग-क्वेरी-ब्लॉक-ग्राफ’ देते, पण ‘एक्स’नं सुरू होणारी कमांड कधीही बदलू शकते. ती हातानं तपासायला ठेवा, स्क्रिप्टमध्ये नको.

क्यूएमपी (क्यूईएमयूला कमांड देण्याची ठरलेली भाषा) सॉकेटवर थेट बोलत असाल तर पहिला संदेश ‘क्यूएमपी_कॅपॅबिलिटीज’चा. तो पाठवला नाही तर पुढच्या कमांडला चूकच परत येते.