बडोद्याहून सरदार सरोवर: अर्ध्या दिवसाच्या सहलीची तयारी

दिवाळी झाली की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पुण्या-नाशिकचे पाहुणे येतात आणि चहा संपायच्या आत विचारतात, ‘धरण बघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल का?’ येता येते. नर्मदेवरचे सरदार सरोवर धरण केवडियाला, म्हणजे आताच्या एकता नगरला, इथून साधारण नव्वद किलोमीटर. गाडीने जायला दोन तास, यायला दोन तास, मध्ये तीन-चार तास तिथे. मात्र त्यासाठी आदल्या रात्री सगळ्यांना एकत्र बसवून एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते: आपण धरण बघायला चाललो आहोत. सरदार पटेलांचा पुतळा, त्याच्या आतली गॅलरी, जंगल सफारी, फुलांची दरी हे सगळे पूर्ण दिवसाचे काम आहे, मुक्काम केला तर उत्तमच. मी एकदा नणंदेच्या कुटुंबाला घेऊन गेले तेव्हा हे ठरवले नव्हते. सकाळ रांगांमध्ये गेली, धरण बसच्या खिडकीतून दिसले तेवढेच. परतताना डभोईपाशी भाच्याने विचारले, ‘मामी, धरण कुठे होतं?’ त्या दिवसापासून मी ही यादी मनाशी बाळगून आहे. पुतळा १८२ मीटरचा आहे, नदीत साधू बेटावर उभा आहे, तो येता-जाता दिसतोच. त्याच्यासाठी वेगळा दिवस काढा, त्याचाही मान राहतो.

दिवस निवडताना सोमवार टाळा. पुतळा आणि आवारातली बहुतेक ठिकाणे त्या दिवशी बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे सरदारांच्या जयंतीच्या आसपास गर्दी फार. चैत्रात तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी नर्मदेची परिक्रमा चालू असते, महाराष्ट्रातूनही खूप लोक येतात. तेव्हा पहाटेपासून रस्त्याला पायी चालणारे असतात, गाडी हळू चालवायची आणि अर्धा तास जास्त धरायचा.

महिना याहून महत्त्वाचा. वर्तमानपत्रात दरवाजे उघडल्याचे, पाणी फेसाळत कोसळल्याचे फोटो येतात ते पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरमधले. डिसेंबरात तुम्ही गेलात तर समोर काँक्रीटची कोरडी भिंत दिसेल. पाहुण्यांना हे आधी सांगा, म्हणजे कुणी हिरमुसणार नाही. मला स्वतःला कोरडे धरणही आवडते, कारण तेव्हा त्याची बांधणी नीट दिसते, एकेक दरवाजा मोजता येतो. पण ज्यांना पाणीच बघायचे आहे त्यांनी श्रावण-भाद्रपदात बातम्यांवर लक्ष ठेवावे. वर मध्य प्रदेशात इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे आहेत. तिथून पाणी सोडले की इथली पातळी चढायला लागते आणि मग दरवाजे उघडण्याची बातमी येते. त्याच दिवसांत निघण्याआधी आपल्या आजवा तलावाची आणि शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची पातळीही बघायला विसरू नका. धरण बघून परत आलो आणि काळाघोडा पुलाच्या अलीकडेच अडकलो असे बडोद्यात होऊ शकते. संततधार चालू असेल तर सरळ बेत पुढे ढकला.

आता या यादीतली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी बाब, आणि तिला पिशवीत जागा लागत नाही. समोर काय आहे ते आदल्या रात्री अर्धा तास बसून समजून घ्या. मी मुलांना कागदावर चित्र काढून दाखवते. धरणाची उंची १३८.६८ मीटर असे बरेच जण सांगतात, पण तो आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेल्या पूर्ण भरलेल्या पाण्याच्या पातळीचा आहे. भिंत तिच्या सगळ्यात खोल पायापासून मोजली तर १६३ मीटर आहे आणि लांबी १२१० मीटर. दरवाजांचा उंबरठा १२१.९२ मीटरवर. १३८.६८ आणि १२१.९२ या दोन पातळ्यांमधला फरक १६.७६ मीटर, म्हणजे बरोबर ५५ फूट, आणि मुख्य सांडव्यावरच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेवरच्या, २३ दरवाजांची उंचीही तेवढीच. बाजूच्या जादा सांडव्याचे ७ दरवाजे ६० फुटी आहेत. एकूण ३०. मुलांना ही वजाबाकी स्वतः करू द्या. दुसऱ्या दिवशी तिथे उभी राहिली की ती आपणहून दरवाजे मोजायला लागतात, हे मी तीनदा पाहिले आहे.

तारखाही थोड्या लक्षात ठेवाव्या. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. त्यानंतर पाणी कुणाला किती यावर राज्यांचे भांडण सुरू झाले, १९६९ साली लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १९७९ साली आला. बांधकाम रखडले, आंदोलने झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गोष्ट गेली. दरवाजे बंद करायला परवानगी मिळून धरणाचे लोकार्पण झाले ते १७ सप्टेंबर २०१७ ला, आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला २०१९ च्या सप्टेंबरात. म्हणजे पायाभरणीच्या वेळी जन्मलेले मूल लोकार्पणाला ५६ वर्षांचे झाले होते. आमच्या सासऱ्यांच्या पिढीचे लोक अजून नुसते ‘कॉलनी’ म्हणतात, कारण केवडिया त्यांनी धरणावरच्या कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणूनच पाहिलेली.

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. इथे तयार होणाऱ्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे, ५७ मध्य प्रदेशाचा आणि गुजरातचा अवघा १६. नदीच्या पात्रातल्या वीजघरात २०० मेगावॅटचे सहा संच आहेत, कालव्याच्या तोंडाशी ५० चे पाच. एकूण १४५० मेगावॅट. आणि या वाट्याची दुसरी बाजूही त्याच रात्री सांगायला हवी. जलाशयामागे २४५ गावे बाधित झाली: मध्य प्रदेशातली १९३, गुजरातची १९ आणि महाराष्ट्राची ३३. ही ३३ गावे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, भिल-पावरा आदिवासींची. मणिबेली हे त्यांतले अगदी धरणाजवळचे गाव. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, नवे गोरा गावी बांधले. डभोई-संखेडा भागातून जाताना पुनर्वसनाच्या वसाहती आहेत. गाडीत गाणी चालू असतील तर तेवढा वेळ बंद करा आणि मुलांना सांगा की इथे राहणाऱ्या काही जणांचे घर त्या पाण्याखाली आहे. हे न सांगता भिंतीसमोर फोटो काढून येणे मला जमत नाही.

सामानाचे फार नाही. ओळखपत्र सगळ्यांचे, तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरून आदल्या दिवशीच काढलेली आणि त्यांची एक छापील प्रत, कारण ऐन वेळी मोबाइल संपतो. थोडे सुटे पैसे. टोपी, छत्री, पायात चपलेऐवजी बूट. मोठ्या पिशव्या गाडीतच राहू द्या, तपासणीत उगाच वेळ जातो. ड्रोन घरी ठेवा, परवानगी नाही. उन्हाळ्यात जायचेच असेल तर दहाच्या आत तिथले बघणे उरकले पाहिजे, एप्रिल-मेमध्ये तो सगळा खडक आणि काँक्रीट तापून निघते. माणशी निदान दीड लिटर पाणी आणि गाडीत थंड ताकाचा थर्मास असू द्या.

खायचे घरूनच न्या. मी मेथीचे थेपले, सुकी बटाट्याची भाजी आणि लिंबाचे लोणचे डब्यात भरते, आणि वर खायला रावपुऱ्यातून आणलेला लीलो चिवडा. पुण्याच्या मंडळींना हा ओलसर, गोड-आंबट चिवडा नवा असतो, अर्धे पाकीट डभोई यायच्या आतच संपते, म्हणून दोन घ्या. सेव-उसळ खाऊन निघू म्हणणाऱ्यांना थोपवा. इतक्या पहाटे दुकाने उघडत नाहीत, आणि परत आल्यावर संध्याकाळी निवांत खाता येते.

सकाळी पावणेसहाला गाडी हलली पाहिजे. सहा ठरवलेत तर साडेसहा होतात, हा पाहुण्यांचा अनुभव आहे. टाकी रात्रीच भरून ठेवा, टायरमधली हवाही तपासा. रस्ता डभोई, तिलकवाडा, गरुडेश्वर असा. डभोईत मी दहा मिनिटे थांबतेच. हिरा भागोळ हा गावच्या जुन्या कोटाचा पूर्वेकडचा दरवाजा, त्याचे कोरीव काम सकाळच्या उन्हात उजळून निघते. आणि याच डभोईजवळ १ एप्रिल १७३१ रोजी पहिले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांसमोर उभे ठाकले, त्र्यंबकराव पडले. बडोद्याचे आपण मराठी लोक इथे कसे आलो, त्या हकिकतीतले हे एक पान आहे. गाडी नको असेल तर प्रतापनगरहून एकता नगरला जाणारी मेमू, म्हणजे लोकलसारखी रेल्वेगाडी आहे. वेळ रेल्वेच्या अ‍ॅपवर बघा, कारण परतीची गाडी चुकली तर अर्ध्या दिवसाचा अख्खा दिवस होतो.

वयस्कर माणसे बरोबर असतील तर तयारीचा सूर थोडा बदलतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी मी घडीचे छोटे स्टूल नेते आणि रक्तदाबाची गोळी डब्याच्या वरच्या खणात ठेवते, म्हणजे नाश्त्याबरोबर आठवते. आवारात गुलाबी ई-रिक्षा मिळतात, स्थानिक बायका चालवतात. उतरताना त्यांच्याशी दोन शब्द बोला. मी ज्या बाईंच्या रिक्षात बसले त्या धरणाजवळच्याच गावच्या होत्या आणि कुठल्या टेकडीमागे पूर्वी काय होते ते त्यांनी जाता-जाता हात करून दाखवले. तेवढे कुठल्याच फलकावर लिहिलेले नाही.

भिंतीवर फिरायला मिळेल ही आशा ठेवू नका. धरण खालच्या अंगाच्या व्ह्यू पॉइंटवरून समोरून बघायचे असते. तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटे मोबाइल खिशात ठेवा, अशी माझी विनंती आहे. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवा, सव्वा किलोमीटरच्या आसपासची ती भिंत एका नजरेत मावत नाही. मग दरवाजे मोजा. मग कालव्याकडे बघा. मुख्य कालवा उगमाशी तळाला ७३ मीटर रुंद आहे आणि ४५८ किलोमीटर जाऊन राजस्थानच्या हद्दीला पोचतो, तिथून पुढे जालोर-बाडमेरच्या वाळवंटात. अमरकंटकाला निघालेले पाणी बाडमेरच्या एखाद्या घरातल्या माठात जाते, हे मुलांना नकाशावर बोटाने दाखवता यावे म्हणून मी भारताचा शाळेतला नकाशा घडी करून नेते. खाली पात्रात मात्र कुणालाही उतरू देऊ नका. वीजघरातून आणि दरवाजांतून पाणी सुटले की पात्रातली पातळी बघता-बघता चढते, नदीत मगरीही आहेत. मुलांचा हात धरून ठेवा, फोटोसाठी कठड्यावर कुणाला बसवू नका.

दुपारनंतर निघून रात्री परतणे ज्यांना सोयीचे आहे त्यांनी सगळे वेळापत्रक उलटे करावे. मग गोरा घाटावरची नर्मदेची आरती मिळते. लहान मुले असतील तर मात्र सकाळच बरी.

साडेअकराला धरणावरून निघालात की वाटेत गरुडेश्वरला थांबा. मराठी घरांतल्या माणसांना हे वेगळे सांगावे लागत नाही. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी, १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला इथेच नर्मदातीरी समाधिस्थ झाले. दत्तमंदिर, समाधी, खाली उतरणारा घाट. दुपारची आरती आणि प्रसादाची वेळ आधी विचारून ठेवा, तेवढ्या बेताने धरणावरून निघता येते. इथून नदीकडे बघितले की पाणी संथ दिसते. त्याचे कारण जवळच बांधलेला गरुडेश्वरचा बंधारा. धरणाच्या वीजघरातले संच उलटे चालवून खालचे पाणी पुन्हा वर चढवता यावे, त्यासाठी ते इथे अडवलेले आहे. सकाळी भिंत बघितलेल्या मुलांना हे घाटावर बसून सांगितले की लगेच कळते.

घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात. सासूबाई वरच बसतात, मी खाली जाते. घरी अंथरुणाला खिळलेले किंवा प्रवास न झेपणारे कुणी असेल तर त्यांच्यासाठी नर्मदेचे पाणी न्यायला एक लहान तांब्याची फिरकीची लोटी आदल्या रात्रीच पिशवीत टाका, आणि तिचे झाकण घट्ट बसते का ते घरच्या नळाखाली पाणी भरून, उलटी करून बघा.