पावसाआधी गायीच्या कमरेवर हात ठेवा: आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशी कळपांसाठी हंगामी सल्ला

लिम्पोपो नदीच्या दोन्ही काठांवरच्या कुरणांत, म्हणजे दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना आणि झिंबाब्वे या देशांत, ऑक्टोबर हा गुरांसाठी वर्षातला सर्वांत ओढगस्तीचा महिना असतो. मे महिन्यापासून पाऊस नसतो, गवताची नुसती काडी उरलेली असते आणि नेमक्या याच सुमारास न्गुनी, त्स्वाना, तुली, मशोना या ‘सांगा’ नावाच्या देशी आफ्रिकी गटातील जातींच्या गायी विऊ लागतात. जानेवारीत वळू सोडल्यावर त्यांतल्या किती फळतील, हे बरेचसे आत्ताच ठरते.

गाभणकाळ सुमारे २८५ दिवसांचा असल्याने दरवर्षी वासरू हवे असेल, तर गाय व्याल्यापासून ८० दिवसांच्या आत पुन्हा गाभण राहायला हवी. गाय खाल्लेले आधी स्वतःच्या जिवाला पुरवते, मग वासराच्या दुधाला, आणि उरले तरच माजावर येते. म्हणून खंगलेली गाय माज दाखवत नाही आणि दोष मात्र वळूला दिला जातो. अंगावरील मांस १ (हाडकुळी) ते ५ (लठ्ठ) गुणांत मोजावे. विताना गाय ३ च्या आसपास असावी. डोळ्यांवर विसंबू नये, कारण न्गुनीची तुकतुकीत कातडी आणि भरलेले पोट दोन्ही फसवतात. कमरेच्या हाडांवर आणि शेपटीच्या मुळाशी तळहात दाबून पाहावा. हाडांची टोके टोचू लागली, तर त्या गायीला आजपासूनच पूरक खाद्य द्यावे.

वाळलेल्या गवतातील प्रथिने ६ ते ७ टक्क्यांखाली गेली की पोटातील जिवाणूच उपाशी पडतात आणि समोर चारा असूनही गाय कमी खाते. यासाठी मीठ, मक्याचा भरडा आणि मोजका युरिया घातलेले चाटण ठेवतात. मात्र पहिल्या वळवाच्या सरीनंतर चाटणाच्या डोणीत साचलेल्या पाण्यात युरिया विरघळतो आणि ते पाणी प्यालेले जनावर काही तासांत दगावू शकते. डोणीच्या तळाला भोके पाडावीत, वर छप्पर करावे आणि उपाशी गुरे तिच्यावर एकदम सोडू नयेत.

गवत हिरवे झाले की प्रथिनांची चणचण संपते, पण अनेक भागांतील जमिनीत स्फुरद कमी असल्याने त्याची उणीव तशीच राहते. दक्षिण आफ्रिकेतील व्रायबर्गजवळच्या आर्मुड्सव्लाक्ते येथे पशुवैद्यक अर्नोल्ड थायलर यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले की स्फुरदाअभावी गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात आणि त्यातून बोट्युलिझमने, म्हणजे सडक्या मांसातील जिवाणूंच्या विषाने, मरतात. हाडांची भुकटी दिल्यावर हे चघळणे थांबले, आणि पुढे तिच्यामुळे गायी विण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. तोंडात हाड धरलेली गाय दिसली, तर पावसाळ्याचे चाटण स्फुरदयुक्तच हवे.

सांगा गुरांची आखूड, गुळगुळीत केसांची कातडी ऊन चांगले सोसते, तरी वळूची गोष्ट वेगळी आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागत असल्याने नोव्हेंबरातील उष्णतेच्या लाटेचे परिणाम जानेवारीत दिसतात. त्याला सावली आणि भरपूर पाणी द्यावे, हंगामापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे आणि साधारण २५ गायींमागे एक वळू ठेवावा. सामायिक कुरणात ट्रायकोमोनिएसिस आणि व्हिब्रिओसिस हे संभोगातून लागणारे, गाय रिकामी ठेवणारे रोग वळूमार्फत पसरतात, त्यामुळे शेजाऱ्याचा वळू उसना घेणे महागात पडते. गोचिडांचा बंदोबस्त पाऊस सुरू होताच करावा, कारण त्यांनी सड खराब केले तर पुढच्या वासराला दूधच मिळत नाही.

माणदेशात खिल्लार सांभाळणाऱ्याला यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की तिथे गाय दावणीला असते आणि तिचा माज डोळ्यांसमोर असतो; इथे शेकडो हेक्टरांवर चरणाऱ्या कळपात तो वळूखेरीज कोणालाच दिसत नाही.

पहिलारू गायी सर्वांत आधी मागे पडतात, कारण त्यांची स्वतःची वाढही चालू असते. त्यांना वेगळे, चांगले कुरण राखून ठेवावे. वासरू सतत पीत राहिल्याने माज लांबतो, म्हणून कोरड्या वर्षी नेहमीचे सात महिने न थांबता वासरू आधीच दुधापासून तोडावे. त्यासाठी वासराच्या खुराकाची सोय मात्र हवी.

वळू मार्चअखेर कळपातून काढावा. मे-जूनमध्ये गाभण तपासणी करून रिकाम्या गायी इथल्या हिवाळ्यातील (जून ते ऑगस्ट) गवत खाण्याआधी विकाव्यात. २०२३-२४ सारख्या एल निनोच्या दुष्काळानंतर पहिलारू गाय रिकामी राहिली, तर तिला आणखी एक संधी द्यावी. अंगाने भरलेली असूनही रिकामी राहिलेली थोराड गाय मात्र ठेवू नये.