पन्हळी पत्र्यावरचा जुना रंग खरवडण्यापूर्वीची तयारी

पन्हळी पत्र्यावर सपाट पात्याचा स्क्रॅपर चालवून पाहिला, तर त्याची अडचण लगेच लक्षात येते. उंचवट्यावर त्याची धार एका बारीक रेषेपुरतीच टेकते. पन्हळीत तर पात्याचे दोन कोपरे तेवढे टेकतात. मधला रंग तसाच राहतो आणि कोपरे पत्र्यात रुततात. म्हणून या कामाच्या तयारीत सर्वांत जास्त वेळ हत्यारावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिडी, मुखपट्टी, ब्रश या वस्तू ऐन वेळीही जमवता येतात. पत्र्याच्या वळणाला जुळणारे पाते मात्र आधीच घडवून ठेवावे लागते.

तरीही हत्याराला हात लावण्याआधी पत्रा कशाचा आहे, याची खात्री करून घ्यावी. रंग चढवलेला जुना सिमेंटचा पत्रा दुरून लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. असा पत्रा खरवडला की त्याचे तंतू हवेत उडतात आणि ते फुफ्फुसाला घातक ठरतात. लहानसा चुंबक खिशात ठेवावा आणि तो पत्र्याला लावून पाहावा. चुंबक चिकटला तर पत्रा लोखंडी. चिकटला नाही आणि पत्र्याची कड पाच-सहा मिलिमीटर जाड, करड्या रंगाची दिसली, तर हे काम तिथेच थांबवावे. त्यावर कोणतेच हत्यार चालवू नये. चुंबक चिकटत नाही पण कड पातळ व चकचकीत आहे, असा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असू शकतो. तो मऊ असल्याने त्यासाठी पोलादी पात्याऐवजी कडक प्लास्टिकचे किंवा लाकडी पाते घ्यावे.

लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर आहे का, हा पुढचा प्रश्न. पत्रा पन्हळी करण्याचे एकस्व (पेटंट) १८२९ चे आणि लोखंडावर वितळलेले जस्त चढवण्याच्या पद्धतीचे एकस्व १८३७ चे. म्हणजे अगदी सुरुवातीचे पन्हळी पत्रे या जस्ताविनाच होते. पण जस्त चढवण्याची ही पद्धत रूढ झाल्यावर बहुतेक पन्हळी पत्रे जस्ताचा थर देऊनच निघू लागले. तेव्हा जस्त आहे असे गृहीत धरून चालणेच शहाणपणाचे. प्रचलित दर्जांपैकी एका दर्जात दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते. म्हणजे एका बाजूला जेमतेम १९ ते २० मायक्रॉन, वहीच्या कागदाच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा. एवढासा थर वर्षानुवर्षे गंज अडवून धरतो, आणि धारदार पात्याच्या एका चुकीच्या ओढीत तो निघूनही जातो. या कामाचे उद्दिष्ट त्यावरूनच ठरते. सुटलेला रंग काढायचा. घट्ट बसलेला रंग आणि जस्त दोन्ही जागच्या जागी ठेवायचे. पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत खरवडणे हा कामाचा चोखपणा नव्हे, ती पत्र्याची हानी आहे.

किती रंग सुटला आहे, हे डोळ्यांनी ठरवू नये. पत्र्याच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी, त्यातही एखादी उन्हाची आणि एखादी कायम सावलीतली जागा निवडून, धारदार चाकूने रंगावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून चौकटी पाडाव्यात, त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढून काढावी. पट्टीबरोबर चौकटीच्या चौकटी निघून आल्या, तर तिथला रंग मुळापासून सुटलेला आहे. जस्तावर थेट तेलाच्या किंवा अल्किड प्रकारच्या रंगाचा हात दिला असेल, तर हे हमखास आढळते. रंगातली तेलाम्ले आणि जस्त यांच्यात कालांतराने साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड जाते. मग तो रंग मोठमोठ्या पापुद्र्यांनी निघतो. असा रंग काढायला जोर लागतच नाही. चिकटपट्टी कोरीच निघाली, तर त्या जागी फक्त धुणे आणि पॉलिशपेपरचा हलका हात पुरतो, आणि तेवढे श्रम वाचतात.

रंग जुना असेल तर त्यात शिसे असू शकते, विशेषतः लालसर शेंदरी प्राइमर खाली दिसत असेल तर. रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावे, अशी मर्यादा अनेक देशांनी घातली आहे. त्याआधीच्या रंगांना हा नियम लागू नव्हता. सर्व थर येतील असा रंगाचा एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेणे सर्वांत खात्रीचे. ते शक्य नसेल, तर रंगात शिसे आहे असेच समजून पुढची सारी तयारी करावी: कोरडे घासायचे नाही, यंत्राने घासायचे नाही आणि ज्योत किंवा हीट गन वापरायची नाही. उष्णतेने शिशाची वाफ होण्याचा धोका तर असतोच, शिवाय जस्त ४१९ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, त्यामुळे पत्र्याचेही नुकसान होते. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना कामाच्या जागेपासून पूर्णपणे दूर ठेवावे.

आता हत्यार. त्याचे माप पत्र्यावरूनच घ्यावे, आणि पत्र्याच्या कापलेल्या टोकाशी घेऊ नये. कात्रीने कापताना टोक थोडे चेपलेले असते, त्यामुळे तिथला आकार फसवा असतो. पत्र्याच्या मधल्या भागात, पन्हळींना काटकोनात जाडसर पुठ्ठा उभा धरून वळणाची रेघ आखावी आणि कापून पुन्हा बसवून पाहावी. प्रोफाइल गेज, म्हणजे सरकत्या सळ्यांनी वळणाचा आकार उतरवून घेणारे साधन, हाताशी असेल तर काम लवकर होते. एकाच छपरावर मागाहून बदललेले पत्रे असतात आणि त्यांची वळणे जुन्यांशी जुळतातच असे नाही, म्हणून माप किमान दोन पत्र्यांवर घ्यावे.

गणितानेही हे माप पडताळता येते. एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंतचे अंतर ७६ मिलिमीटर आणि पन्हळीची खोली १९ मिलिमीटर असे नेहमीचे माप धरले, तर प्रत्येक वळण म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद आणि साडेनऊ मिलिमीटर उंच असा वर्तुळाचा तुकडा होतो. रुंदीच्या निम्म्याचा, म्हणजे १९ चा वर्ग ३६१. त्याला उंचीच्या दुपटीने, म्हणजे पुन्हा १९ ने भागले की १९ येतात. त्यात उंचीचा निम्मा भाग मिळवला की त्रिज्या पावणेचोवीस मिलिमीटर मिळते. पात्याची त्रिज्या मात्र नेमकी एवढी ठेवू नये. पन्हळीत फिरणारे बहिर्वक्र पाते थोडे लहान, २१-२२ मिलिमीटर त्रिज्येचे करावे आणि उंचवट्यावर बसणारे अंतर्वक्र पाते थोडे मोठे, २६-२७ मिलिमीटर त्रिज्येचे. असे केले की धार मधोमध टेकते, कोपरे पत्र्यापासून किंचित अधांतरी राहतात आणि हत्यार थोडे तिरपे केले की उतरणीचा भागही त्याच पात्याने निघतो. तंतोतंत जुळणारे पाते कागदावर आकर्षक वाटते. प्रत्यक्षात त्याची सगळी धार एकदम टेकते, जोर वाटला जातो, रंग निघत नाही आणि शेवटी माणूस नको तितका दाब देऊ लागतो.

दोन्ही वळणे एकाच पात्याच्या दोन टोकांना काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दुसरे टोक सतत हाताच्या दिशेला राहते. दोन स्वतंत्र पाती आणि शक्य तर दोन स्वतंत्र मुठी असाव्यात.

पात्यासाठी जुन्या हातकरवतीचा पत्रा उत्तम. करवतीचे दात कानशीने परजता येतात, याचाच अर्थ ते पोलाद कडक असूनही कानशीला दाद देते. हल्लीच्या काही करवतींचे दात मात्र खास कठीण केलेले असतात. तेवढी दातांची पट्टी कापून टाकावी आणि उरलेला पत्रा घ्यावा. हा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड असल्याने मोकळा धरला तर लवतो, म्हणून तो लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळून पुढे १५ मिलिमीटरच बाहेर ठेवावा. विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवता येणारा पंखांचा नट, लावला तर पाते झटकन काढता-घालता येते. अंतर्वक्र आकारासाठी अर्धगोल कानस आणि बहिर्वक्र आकारासाठी चपटी कानस, दोन्ही बारीक दातांच्या आणि मुठी पक्क्या बसवलेल्या, तयार ठेवाव्यात. मुठीशिवाय कानस चालवू नये. तिचे टोकदार शेपूट तळहातात घुसते. कार्बाइडची पाती बाजारात मिळतात आणि त्यांची धार दीर्घकाळ टिकते हे खरे, पण त्यांना वळण देणे आपल्या हातचे नसते, स्क्रूच्या डोक्यावर आपटली की ती टवकतात, आणि जस्ताच्या बाबतीत ती फार निष्ठुर असतात.

धार लावताना पाते शिकंज्यात उभे धरून कडेला साधारण ४५ अंशांचा उतार द्यावा आणि कानस पुढे ढकलतानाच दाबावी, मागे आणताना उचलावी. धारेच्या मागच्या बाजूला बोटाला लागेल अशी बारीक कोर तयार होते. सुतारकामात ही कोर मुद्दाम राखतात. इथे मात्र ती दगडावर हलकेच घासून काढून टाकावी, नाहीतर ती रंगाबरोबर जस्तही उचलते. पात्याचे दोन्ही कोपरे तीन मिलिमीटरपर्यंत गोल करावेत. आणि हे सारे काम पत्र्यापासून लांब करावे: कानशीतून पडणारा पोलादाचा भुसा पत्र्यावर सांडून ओला झाला की तिथे गंजाचे तांबूस ठिपके उमटतात, आणि मग पत्राच गंजला असे वाटते. याच कारणाने साध्या लोखंडी तारांचा ब्रश आणि स्टील वूल या कामात वर्ज्य मानावे. स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या तारांचा ब्रश ठेवावा. ग्राइंडरला लावायचा तारेचा कप तर आणूच नये.

छपराच्या पत्र्यांना स्क्रू बहुधा उंचवट्यावर असतात आणि प्रत्येकाखाली वॉशर असतो. तिथपर्यंत वळणाचे पाते पोहोचत नाही; बारा ते पंधरा मिलिमीटर रुंदीचे एक सपाट, बोथट कोपऱ्यांचे पाते त्यासाठी वेगळे ठेवावे. वॉशर फाटला तर पावसात गळती ठरलेली, म्हणून त्याच्या कडेचा रंग राहिला तरी चालेल. पत्रे एकमेकांवर चढतात त्या सांध्यातही पाते घालून उचकटू नये.

पूर्ण कामाला लागण्याआधी, सहज नजरेत न येणाऱ्या जागी हातभर लांबीचा तुकडा खरवडून पाहावा. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब घालून फवारणीच्या बाटलीतून तो भाग ओला करावा, हत्यार दोन्ही हातांनी धरून पन्हळीच्या लांबीच्या दिशेने आपल्याकडे ओढावे, आडवे कधीही नेऊ नये. नीट धार लागलेले पाते रंगाचे पापुद्रे किंवा कुरळ्या सळ्या काढते. नुसती पूड निघू लागली तर धार गेली आहे. पुसून उजेडात तिरपे पाहावे. करडा, निस्तेज पृष्ठभाग दिसला तर जस्त शाबूत आहे. लांबलांब चकचकीत ओरखडे दिसले तर दाब कमी करावा किंवा धार मवाळ करावी, आणि काळसर-तांबूस धातू दिसला तर तिथे जस्त आधीच संपलेले आहे, असे समजून ती जागा खडूने खूण करून ठेवावी. जुन्या रंगाच्या थोड्या थोड्या भागांची सफाई करण्यासाठी आयएसओ ८५०१-२ या आंतरराष्ट्रीय मानकात हाताच्या व यांत्रिक हत्यारांच्या सफाईच्या दोन पायऱ्या दिल्या आहेत, पी एसटी २ (कसून सफाई) आणि पी एसटी ३ (आणखी कसून सफाई). हाताच्या स्क्रॅपरने पहिली पायरी गाठता येते आणि पुष्कळदा तेवढी पुरेशी असते.

जागेची तयारी थोडक्यात सांगता येईल. खाली जाड प्लास्टिक भिंतीपासून दोन-तीन मीटरपर्यंत अंथरून त्याच्या कडा वर दुमडाव्यात. छपरावरचे काम असेल तर पन्हाळीतून खाली येणाऱ्या पाइपाचे तोंड फडक्याने बंद करावे, कारण रंगाचे तुकडे त्यातून थेट मातीत किंवा पाण्याच्या टाकीत जातात. काम संपल्यावर फडके काढायचे आहे, याची नोंद ठेवावी. वारा असेल त्या दिवशी काम ठेवू नये. सकाळचे दव वाळल्यावर, पण पत्रा तापण्याआधी सुरुवात करावी. थंड रंग ठिसूळ असतो आणि तुटून निघतो, तापलेला रंग पात्याला चिकटतो. छपरावर पाय ठेवण्याआधी उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे पत्रे कुठे आहेत, ते खालून पाहून खुणा कराव्यात. रंगाखाली दडलेला असा पत्रा माणसाचा भार पेलत नाही. वजन नेहमी आधाराच्या फळ्यांवर, म्हणजे पत्रा ज्या आडव्या तुळयांवर टेकला आहे त्यांना आडव्या पडणाऱ्या फळ्यांवर द्यावे आणि दोर बांधूनच वर जावे.

अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे, बाजूने बंद असा चष्मा, पत्र्याच्या कडेने कापणार नाहीत असे हातमोजे आणि बारीक धूळ गाळणारी एफएफपी२ किंवा त्याहून वरच्या दर्जाची मुखपट्टी असावी. शिशाची शंका असेल तर बाजारात मिळणारा साधा कापडी मास्क निरुपयोगी आहे. खाण्यापिण्याआधी हात व तोंड धुवावे आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. काढलेला रंग जाड पिशवीत भरून तोंड बांधावे. तो जाळू नये, मातीत पुरू नये, स्थानिक नियमांप्रमाणे घातक कचरा म्हणूनच द्यावा.

शेवटी प्राइमर हातात असल्याशिवाय पहिली ओढ ओढू नये. उघड्या पडलेल्या लोखंडावर दमट हवेत काही तासांतच गंजाची लालसर झाक येते. म्हणून एका दिवसात खरवडून, धुऊन, वाळवून आणि प्राइमर लावून होईल एवढाच भाग खडूने आखून घ्यावा. जस्तावर चालणारा प्राइमर डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले पाहूनच घ्यावा, आणि खडूने खुणा केलेल्या गंजक्या जागांसाठी गंजरोधक प्राइमरचा छोटा डबा व निमुळता ब्रश वेगळा ठेवावा.